सेनापती बापट आणि मुळशीची भातखाचरे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आजवर जिजामाता, अहल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांची चरित्रे आपण वाचली. यंदा हे काम चिटणीसबाईंनी माझ्याकडे सोपविले आणि मी एका पुरुषाचे नाव सुचविले, तेव्हा बैठकीत थोडी कुजबुज झाली. परंतु हे नाव आपणां सर्वांच्या तोंडी नेहमी असते. गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे दादरच्या फुलबाजारात आपण ज्या रस्त्याने जातो, तो सेनापती बापट मार्ग. जुनी माणसे त्याला अजून तुळशी पाईप रोडच म्हणतात, कारण तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारे नळ त्या बाजूने आले. हे सेनापती शिवाजी महाराजांच्या किंवा पेशव्यांच्या फौजेतले कोणी असावेत, असा आपल्याच एका भगिनीचा समज होता. तिला हसू नये. रस्त्याला नाव दिले की माणूस विसरायला लोक मोकळे होतात.

त्यांच्याविषयी लिहिण्याचे माझे कारण थोडे घरगुती आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या पगारावर आम्ही भावंडे शिकलो, आमची लग्ने झाली. ती गिरणी विजेवर चाले, आणि त्या काळी मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळे ती सह्याद्रीच्या पाण्यातून. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. यांपैकी भिऱ्याच्या विजेसाठी जे पाणी साठविले, त्याच्या तळाशी मुळशीची भातखाचरे आहेत. ती बुडू नयेत म्हणून ज्या माणसाने तीनदा तुरुंग भोगला, तो हा सेनापती. म्हणजे माझ्या माहेरची चूल ज्या पाण्यावर पेटली, त्याच पाण्याने कोणाच्या तरी चुली विझल्या. हे मला कळले तेव्हा मी साठी ओलांडली होती.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, परिस्थिती बेताची, बुद्धी मात्र तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर १९०४ साली विलायतेस गेले आणि एडिंबरो येथील हेरियट-वॉट कॉलेजात यंत्रशास्त्र शिकू लागले. ही गोष्ट भगिनींनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. तेथे हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावर त्यांनी सडेतोड भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. मग लंडनचे इंडिया हाऊस, श्यामजी कृष्ण वर्मा आणि सावरकर यांचा सहवास, पॅरिसला जाऊन शिकलेली बॉम्बची विद्या, १९०८ साली स्वदेशी परतणे, अलीपूरच्या बॉम्ब खटल्यानंतर अज्ञातवास, १९१२ साली अटक, पुढे सुटका. क्रांतिकारकांच्या पुस्तकांतून हा भाग रंगवून सांगितलेला आढळतो, म्हणून येथे आवरता घेते.

पुस्तकांत ज्याला एखादी ओळ मिळते, असा दुसरा एक भाग मला अधिक मोलाचा वाटतो. विलायतेहून आलेला, इंजिनियरीचे शिक्षण घेतलेला हा ब्राह्मण पारनेरला हाती झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. १९१४ साली मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या जेवणाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांची बसविली. त्या काळात, तालुक्याच्या गावी, असे करणाऱ्याच्या घरच्या बाईला पाणवठ्यावर काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, हे आपण बायकाच समजू शकतो. तिच्याविषयी कोणी फारसे लिहून ठेवलेले नाही. १९२० च्या ऑगस्टात, लोकमान्यांच्या मृत्यूच्या सुमारास, ती माउली निवर्तली. मुलगा तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. बापट त्या दिवसांत पुण्यात वृत्तपत्रांत लिहीत, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामाला हातभार लावीत. आणि अशा वेळी मुळशीचे प्रकरण उभे राहिले.

मुळशी पेटा पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. तेथे पाऊस असा कोसळतो की आपल्या मुंबईच्या पावसाने तोंडात बोट घालावे. मुळा आणि निळा या नद्या तेथल्या खोऱ्यांतून वाहतात, आणि खोऱ्याच्या तळाला, गाळाच्या जमिनीत, भाताची खाचरे होती. मुळशी-मावळचा आंबेमोहोर शिजत असला की चार घरे पलीकडे वास जातो. डोंगरउतारावर नाचणी-वरई व्हायची, पण ती हलकी जमीन. पोट भरायचे ते तळच्या खाचरांवर. धरण बांधले की आधी बुडते तीच जमीन. डोंगर तेवढा वर उरतो.

पाणी अडविणाऱ्यांची दृष्टीही समजून घेतली पाहिजे. सह्याद्रीची पूर्व बाजू हळूहळू उतरते, पश्चिमेकडे मात्र कडा सरळ तुटलेला आहे. पूर्वेकडे वाहणारे पाणी बांध घालून अडवावे, बोगद्याने कड्यापर्यंत न्यावे आणि तेथून मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडावे, म्हणजे त्या वेगाने यंत्रे फिरतात व वीज तयार होते. यंत्रे फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिका नदीला मिळून पश्चिम समुद्राकडे जाते. जे पाणी मुळेतून पुण्याकडे, पुढे भीमेला जायचे, ते असे उलटे फिरले. कल्पना मोठी हुशारीची होती. कोळसा दुरून आणावा लागत असे, गिरण्यांच्या धुराड्यांनी मुंबई काळी पडली होती. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीची जागा हेरली आणि १९१९ च्या सुमारास हालचाल सुरू झाली.

पण विचारले कोणाला? जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच लोकांच्या शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक कामासाठी जमीन सक्तीने घ्यावी आणि मोबदला द्यावा, असा तो कायदा. खासगी कंपनीसाठी तो वापरण्याचे सरकारने ठरविले. पन्नासच्या वर गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या एका धरणाच्या टापूत येत होती.

येथे एक गोष्ट आहे, ती सरळ सांगितली पाहिजे. पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे झालेली होती. पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहून लावणी करणारा मावळा हा आपल्याच शेतात कूळ म्हणून उरला होता. त्यामुळे मोबदल्याची भाषा निघाली, तेव्हा जमीनमालकाचे आणि मावळ्याचे हित एक राहिले नाही. सावकाराला पैसा पुरे होता, तो दुसरीकडे गुंतविता आला असता. मावळ्याला जमीन हवी होती, कारण पैसा त्याच्यापर्यंत पोहोचणारच नव्हता, आणि पोहोचला तरी तशी खाचरे कोठे विकत मिळणार? आणि त्या मावळ्याची बायको, जिने राबासाठी डोक्यावरून पाला-गोवर वाहिले, रोपे काढली, कंबर मोडेतो लावणी केली, भात कांडले, तिचे नाव ना सावकाराच्या खतात होते ना सरकारच्या दप्तरात.

मावळे पुण्यास गेले, पुढाऱ्यांना भेटले. असहकाराचे ते वर्ष, वातावरण तापलेले. जीव जाईल किंवा जमीन राहील, अशी शपथ हजारोंनी घेतली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जमले आणि काम चालू असलेल्या ठिकाणी जाऊन बसले. काम बंद पडले. गांधीजींनी त्याच महिन्यात यंग इंडियात लिहून सत्याग्रहींची पाठराखण केली व टाटांना विचार करण्याची विनंती केली. काही महिने काम थांबले, लोकांना वाटले जिंकलो. वर्ष संपता संपता ते पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहही सुरू झाला, आणि आता पकडापकडी चालू झाली. पुरुषांबरोबर बाया होत्या, कडेवर मुले होती. बाया तुरुंगातही गेल्या. ज्या बाईने उभ्या जन्मात पौड ओलांडले नसेल, ती पोलिसांच्या गाडीत बसून तुरुंगाच्या दारात उतरली, याची कल्पना करून पाहावी.

या लढ्यात पुढारी अनेक होते. विनायकराव भुस्कुटे त्यांतले एक प्रमुख, त्यांनी या सत्याग्रहाचा इतिहासही पुढे लिहून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो कळतो. शंकरराव देवही होते. परंतु मावळ्यांनी सेनापती म्हटले ते बापटांना. शिवाजी महाराजांच्या सैन्यात ज्यांचे पूर्वज लढले, त्या मुलखाने दिलेली ही पदवी आहे, कोणत्या सरकारने दिलेली नव्हे. ते गावोगाव पायी हिंडले, पद्ये रचून लोकांना ऐकविली, तुकड्या घेऊन पुढे गेले, पकडले गेले, सुटून आले ते पुन्हा मुळशीतच.

मघाशी मी त्यांच्या यंत्रशास्त्राविषयी ध्यानात ठेवण्यास सांगितले, ते याच जागेसाठी. बापटांना वीज नको होती, यंत्रे नको होती, असे कोणी म्हणेल तर ते खोटे ठरेल. धरण कसे बांधतात, पाण्याच्या जोरावर चक्र कसे फिरते, हे त्या सबंध सत्याग्रहात त्यांच्याइतके थोड्यांनाच कळत असेल. त्यांचा झगडा यंत्राशी नव्हता. शहराच्या आणि कंपनीच्या सोयीसाठी खेड्यातल्या माणसाला त्याच्या जमिनीवरून, त्याच्या संमतीवाचून उठविता येते काय, एवढाच तो प्रश्न होता. आज कोणी धरणाला, खाणीला, हमरस्त्याला विरोध केला की त्याला प्रगतीचा शत्रू म्हणून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. त्यांना हे इंजिनियर बापट दाखवावेत.

पुढे हा लढा विस्कटला. जमीनमालकांनी मोबदला घेतला, पाठोपाठ थकलेल्या पुष्कळ कुळांनीही मिळेल ते पदरात घेतले. पुण्यातल्या पुढाऱ्यांत आपसांत मतभेद होते, देशाचे राजकारण दुसऱ्या वळणाला लागले होते. गांधीजींचाही पाठिंबा उरला नाही. बहुतेक बाधितांनी मोबदला स्वीकारला असता लढा कोणासाठी चालवावा, हा त्यांचा आक्षेप होता, आणि बापटांचा अहिंसेवर विश्वास नाही हा दुसरा. पहिल्या आक्षेपाचे उत्तर मुळशीतल्या एखाद्या बाईला विचारायला हवे होते. हातात आलेले पैसे घेणे आणि जमीन सोडायला राजी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे तिने सांगितले असते.

दुसरा आक्षेप मात्र खरा होता. १९२४ च्या अखेरीस बापट आणि त्यांचे मूठभर साथीदार यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडविली आणि शस्त्र चालविले. त्यात गाडीवरची माणसे जखमी झाली. त्यांची चरित्रे लिहिणारे काहीजण हा प्रसंग घाईने उरकतात, काहीजण त्याचा पराक्रम करून सांगतात. मला दोन्ही पटत नाही. गाडीवरची माणसेही पोटासाठीच तेथे आलेली होती, माझ्या वडिलांसारखी. लढा हरत आला की माणूस कोठवर जातो, हे त्यातून दिसते. बापटांनी केलेले नाकारले नाही, कोणावर ढकलले नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ साली ते बाहेर आले तेव्हा मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला होता, आणि मुळशीत चार वर्षांपासून पाणी भरलेले होते. भिऱ्याची यंत्रे १९२७ सालीच फिरू लागली होती.

लोकांचे काय झाले? त्या काळी पुनर्वसन हा शब्दच सरकारदरबारी नव्हता. कोणी वरच्या डोंगरउतारावर सरकले आणि पाण्याच्या काठावर राहिले, कोणी पुण्याच्या बाजूला गेले, कोणी आपल्या मुंबईला येऊन हमाली-मजुरी धरली. चार वर्षांपूर्वी आम्ही घरची मंडळी पावसात ताम्हिणी घाटात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला भाजलेली कणसे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईकडे थांबलो. समोर ते अथांग पाणी, वर ढग टेकलेले, आमच्या सूनबाई फोटो काढण्यात गुंतलेल्या. मी सहज विचारले, तशी तिने कणसावर मीठ-लिंबू चोळता चोळता हातानेच पाण्यात जागा दाखविली. तिच्या सासऱ्यांच्या वडिलांची खाचरे तेथे होती. तिने ती पाहिलेली नाहीत, तिच्या नवऱ्यानेही नाहीत. पण नेमकी जागा ठाऊक होती, अमुक टेकाडाच्या डाव्या अंगाला, एवढी. पैसे घेऊन ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सेनापतींचा प्रश्न कायद्याला पटायला फार वेळ लागला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली. तोवर कोयना झाले होते आणि इतर कितीतरी धरणे झाली होती. १८९४ चा तो इंग्रजी कायदा तर स्वातंत्र्यानंतरही साठ-पासष्ट वर्षे चालू राहिला. २०१३ साली त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती हवी, आणि ज्याच्या नावे जमीन नाही पण जो तिच्यावर पोट भरतो, त्याचीही गणना बाधितांत व्हावी, असे त्यात आले. म्हणजे मुळशीच्या कुळाने १९२१ साली जे मागितले, ते कागदावर यायला ९२ वर्षे लागली. प्रत्यक्षात किती पाळले जाते, ते वर्तमानपत्र उघडल्यावर दिसतेच. जगातल्या धरणविरोधी लढ्यांत मुळशीचा लढा अगदी पहिल्यांपैकी होता, असे अभ्यासक म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला किती ओळी होत्या, हे भगिनींनी आठवून पाहावे.

तुरुंगातून सुटल्यावर बापट स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा राजकारण, पुन्हा तुरुंग. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचे काम त्यांनी महाराष्ट्रात उभे केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. अशा वेळी पुष्कळांनी पदे घेतली, निदान विश्रांती घेतली. हे मे १९५५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली तुकडी घेऊन नानासाहेब गोऱ्यांबरोबर पोर्तुगीज हद्दीत शिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते, ज्या चळवळीत आपल्या वाडीतल्या थोरल्या बायका लाटणी घेऊन मोर्च्याला गेल्याचे आपण ऐकत आलो. पैसा जवळ राहिला नाही, घरदार उभारले नाही.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. वय ८७ होते. १९७७ साली टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. पुण्याने एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव दिले, आपल्या मुंबईने तुळशी पाईप रोडला दिले. माहीमपासून परळच्या पुढपर्यंत रेल्वेच्या कडेने तो जातो, आणि त्याच्या एका अंगाला, माझे वडील ज्यांत राबले त्या गिरण्यांच्या जागी, आता काचेचे मनोरे उभे आहेत. भिऱ्याची वीज तेथे रात्रभर जळत असते.